कुर्लीचा डेंगा आणि आईची डावी दाढ

माझी आई मालवणच्या बाजारात मासे विकायची आणि घरी आमच्यासाठी कुर्ल्यांचे, म्हणजे खेकड्यांचे, डेंगे फोडायची. दाताने! कुर्लीचा तो जाडजूड पंजा डाव्या दाढेखाली धरायची, डोळे मिटायची आणि कट्ट! आतलं मांस अख्खं बाहेर, कवचाचा कण नाही. मी चाळिशी ओलांडली, मला मुलं झाली, तरी पहिला डेंगा ती माझ्याच ताटातून उचलायची.

गावात मोबाइल नुकते आले होते, त्या सुमाराला ती दाढ ठणकू लागली. आईने लवंग धरून पाहिली, मिश्री दुप्पट लावली. जाळलेल्या तंबाखूची ती पूड दात राखते, अशी तिची ठाम समजूत. शेवटी मी तिला एस.टी.ने सावंतवाडीला दातांच्या डॉक्टरकडे नेलं.

"कीड मुळाशी गेलीय, पण दाढ वाचेल," ते म्हणाले. "मिश्री बंद. तुमच्या रक्तदाबाच्या गोळ्यांनी तोंड कोरडं पडलं तर पाणी प्या, खडीसाखर चघळू नका. आणि दोन वेळा हा ब्रश."

पंधरा दिवसांनी त्यांनी ब्रश बघायला मागितला. आईने पिशवीतून ऐटीत काढून दिला. केस काळेकुट्ट!

"आजी, हे काय?"

"बरो आसा हो तुमचो ब्रश. मिश्री पार पाठल्या दाढेपर्यंत जाता. बोट थंय पोचणा नाय."

मी छताचा पंखा बघू लागलो. डॉक्टर पोटभर हसले, मग गंभीर झाले. "मिश्री सोडा, नाहीतर बाकीचे दातही जातील. या दाढेचं रूट कॅनाल करू, वर टोपी बसवू. मात्र कठीण काही फोडायचं नाही."

"कुर्ली?"

"मुळीच नाही."

"मगे ती दाढ वाचवून करू काय? भात मी गिळतंय."

तरी तिने टोपी बसवून घेतली. मिश्रीची डबीही चुलीत टाकली. पुढे कुर्ल्या झाल्या त्या दिवशी सवयीने माझ्या ताटातला डेंगा उचलून तिने तोंडाशी नेला आणि थांबली. मी तो झडप घालून हिसकावला. "आज माझो नंबर!" डोळे मिटले, कट्ट! डेंगा शाबूत. माझ्या दाताचा टवका ताटात.

आई हसून हसून मागे कलली, नवी टोपी चमकली. "मेल्या, तुझ्यान काय होवचा नाय. वरवंटो हाड!"

मी आणून दिलेल्या वरवंट्याने मांसाचा चेंदा झाला आणि कवच घासाघासाला लागलं. ती दाढ मात्र तिच्या शेवटच्या दिवसापर्यंत जागची हलली नाही.

आता माझ्या दातालाही टोपी आहे. कुर्ल्या झाल्या की बायको वरवंटा आधीच आणून ठेवते. मी पहिला डेंगा ताटाच्या कडेला सारतो आणि थोडा वेळ हात लावत नाही.