आप्पांचा सुरेश

फोनवर बोलायला जाण्याआधी दाढी करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमचे शेजारी आप्पा. अमळनेरकडून गुजरातेत बमरोलीला आलेले, साडीच्या कारखान्यात घड्या घालायचे. मुलगा सुरेश फौजेत, काश्मीरला. रविवारी कोपऱ्यावरच्या पीसीओत त्याचा फोन यायचा, आणि आप्पा धुतलेला सदरा घालून कितीतरी आधी तिथे हजर. मी हसले की म्हणायचे, "पोऱ्या फौजी शे, बाई. त्याना समोर नीट जावाले पाहिजे."

सुरेश सुटी संपवून निघाला, तेव्हा गणवेशातच दारात उभा होता. गल्लीतल्या विमा एजंटाने तिथेच त्याला अपघात विम्याची गळ घातली. सुरेशने सही केली. सून शोभा आणि तिची तान्ही मुलगी यांची सोय झाली म्हणून आप्पा खूश.

त्या हिवाळ्यात सुरेश गोळीबारात गेला.

तेराव्यानंतर आप्पा, शोभा आणि मी विमा कचेरीत गेलो. मी शाळेत शिकवते, गुजराती बोलते, म्हणून सोबत. साहेब सभ्य होता. त्याने पाणी मागवलं. म्हणाला, "बेन, शत्रूच्या गोळीने आलेला मृत्यू अपघातात धरत नाहीत. नियमच तसा छे."

"पण तो शिपाई आहे हे बघूनच विमा दिलात ना?"

त्याने नियमांचा कागद माझ्यापुढे सरकवला. मी आप्पांना सगळं समजावलं. ते त्याच्याकडे वळून म्हणाले, "मंग मना पोऱ्या काय ठराईसन मरना?"

साहेबाला अहिराणी कळली नाही. मुलगा काय ठरवून मेला, असं विचारताहेत, हे मी सांगितलं, तेव्हा त्याने मान खाली घातली. निर्णय मात्र बदलला नाही. पुढे वकील झाले, पुढारी झाले. हळहळले सगळेच.

एकदा तो एजंट आला आणि दारातच रडला. हा नियम त्यालाही कोणी सांगितला नव्हता. आप्पांनी त्याला चहा पाजला. तो गेल्यावर मला म्हणाले, "राग तरी कोनवर करू, बाई?"

शोभा साड्यांना लेस लावायला जाऊ लागली. आप्पा नातीला सांभाळत ओट्यावर बसायचे.

पुढच्या वर्षी गल्लीतला पंडित नावाचा पोरगा फौजेत भरती झाला. निघताना आप्पांच्या पाया पडला. "आप्पा, मी विमा काढू का?"

आप्पांनी त्याचे दोन्ही हात धरले. पंडित वाट बघत उभा राहिला.

"तू जित्ता ये, भो," आप्पा म्हणाले.