दुखत न्हाय, मॅडम

हिराजीकाका आधी पेशंटचे पाय धुवायचे आणि मगच मला दाखवायचे. कामतघरच्या माझ्या दवाखान्यात ते ड्रेसिंग करत. सकाळी खारबावहून आले की पहिलं काम, टबात कोमट पाणी. कापडाच्या लूमवर बारा-बारा तास उभे राहणारे कारागीर लाजून पाय मागे घ्यायचे. काका दरडावायचे, "शरमाता क्या है? इधर रख. मळाखाली काय हाय, ते धुतल्याबिगर कसं दिसंल?" हिंदीत सुरू झालेलं वाक्य मराठीत संपायचं आणि समोरच्याला ते बरोबर कळायचं.

मी तेव्हा नवीन होते आणि डिग्रीचा तोराही होता. एका कारागिराच्या तळव्यावरची टणक गाठ लांबूनच बघून मी कुरूप म्हणून मोकळी झाले. काकांनी ती अंगठ्याने दाबली, तरी तो गप्प. मग दोन्ही बाजूंनी चिमटीत धरली, तसा तो कळवळला. "चामखीळ हाय, मॅडम," ते माझ्या कानाशी येऊन पुटपुटले. पेशंटसमोर त्यांनी माझी लाज राखली.

नंतर टब रिकामा करता करता त्यांनी मला आपला नियम ऐकवला. "दाबून दुखलं तं कुरूप. चिमटीत दुखलं तं चामखीळ. नि कायच न्हाय दुखलं, तं मॅडमना हाक मारायची."

"न दुखणाऱ्याला माझं काय काम?" मी मुद्दाम विचारलं.

"पायाला कळंनासं झालं म्हंजे आत शुगर असती. त्येच लय वंगाळ."

पुढे कितीतरी जणांना हा नियम मी स्वतःचाच असल्यासारखा ऐटीत सांगितला. काका ऐकून गालात हसायचे.

गेल्या वर्षी एका सोमवारी दवाखाना तुडुंब भरला होता. काका माझ्या दाराशी आले. "मॅडम, माज्या तळव्याला कायतरी टणक आलंय."

मी खुर्चीतून उठलेही नाही. "दुखतं का?"

"न्हाय. कायच दुखत न्हाय."

"मग कुरूपच असेल. कपाटातली कुरूपाची पट्टी लावा. आणि पुढचा पेशंट पाठवा."

त्यांनी हात पुसले आणि पुढच्याला आत पाठवलं.

त्या पट्टीतल्या औषधाने कातडी जळत गेली आणि त्यांना ते कळलंच नाही. वास यायला लागला तेव्हा मी त्यांची शुगर तपासली. इतकी वर्षं आम्ही एकत्र काम केलं, पण ती कधी तपासली नव्हती. तोवर जखम हाडापर्यंत गेली होती. गुडघ्याखाली पाय कापला, पण विष अंगात पसरलं होतं. हॉस्पिटलमध्ये मी त्यांच्या खाटेशी रडत बसले, तर मलाच समजावत होते, "चूक माजीच, मॅडम. पाय धुवून आनला न्हवता ना." तिसऱ्या दिवशी ते गेले.

आता टब मी भरते. पाय मी धुते. दाबते, चिमटीत धरते, विचारते. कुणी "नाही दुखत" म्हटलं की हात थांबतो. काहीच दुखलं नाही तर मॅडमना हाक मारायची, असं काका सांगायचे. त्या सोमवारी दाराशी येऊन त्यांनी तेच केलं होतं.