तीन चर्चच्या गावची शेजारीण

आखातातल्या अबू हमूर भागातल्या आमच्या कंपाउंडमध्ये शेजारच्या व्हिलात साठीच्या एक स्कॉटिश बाई राहायच्या. शाळेत संगीत शिकवायच्या. इकडे सुट्टी शुक्रवारी, म्हणून चर्चही शुक्रवारीच. एका शुक्रवारी त्यांची गाडी सुरू होईना, म्हणून त्यांना चर्चला सोडायला मी निघाले.

वाटेत त्यांनी आपल्या गावाची गोष्ट काढली. समुद्रकाठचं एवढंसं गाव आणि चर्च मात्र तीन.

"आधी एकच होतं," त्या म्हणाल्या. "मग पाद्री कोणी नेमायचा, जमीनदाराने की लोकांनी, यावरून जुंपली. अर्धं गाव बाहेर पडलं आणि त्यांनी समोरच दुसरं चर्च बांधलं. माझे पणजोबा त्या बाहेर पडलेल्यांतलेच."

"आणि तिसरं?"

"बाहेर पडलेल्यांचं पुन्हा आपसात भांडण झालं!"

मी इतकी हसले की वळणच चुकले. आमच्या नाशिकच्या गल्लीतलं गणपती मंडळ असंच फुटलं होतं, ते सांगितल्यावर त्याही हसल्या. आता त्यांच्या गावात माणसंच थोडी राहिलीत, त्या सांगत होत्या. उरलेले सगळे जुन्या चर्चमध्ये एकत्र बसतात, दुसऱ्यात गालिच्यांचं दुकान आहे आणि तिसऱ्यात एक कुटुंब राहतं.

पार्किंग मिळेपर्यंत त्यांची प्रार्थना संपलेली. "खलास!" म्हणत त्या माघारी वळल्या, तोच चर्चच्या आवारातल्या एका हॉलमधून प्रार्थनेचं गाणं ऐकू आलं. चक्क मराठी! मी थबकले. दारातल्या बाई म्हणाल्या, "या की ताई आत, बाहेर कामून उभ्या?"

पण आमच्या बाई माझ्याआधीच आत शिरल्या होत्या. "ही चाल आमची आहे, माझी आई भांडी घासताना म्हणायची," असं म्हणत त्यांनी इंग्रजीत सूर लावला. माना वळल्या, कोणीतरी सरकून जागा दिली.

नंतर चहा-चिवडा झाला. दारातल्या बाई जालन्याच्या निघाल्या. त्यांच्या गावचं चर्च स्कॉटलंडच्या मिशनने बांधलेलं. मी ते इंग्रजीत सांगताच शेजारीणबाई ताठ बसल्या.

"विचार त्यांना, जुन्या चर्चवाल्यांनी की बाहेर पडलेल्यांनी?"

"ते काही ठाऊक नाही बाई," जालनावाल्या म्हणाल्या. "आमचा पेटीवाला सुट्टीवर गेलाय, तेवढं यांना वाजवता येतं का विचारा."

पुढच्या शुक्रवारी बाई पेटीवर बसल्या आणि मी दुभाषी म्हणून शेजारी. 'जरा जोरात' एवढं मराठी त्यांनी पाठ केलं होतं, आणि पाद्रीबुवांनाही त्यांनी ते बिनधास्त सुनावलं.