दहापर्यंत मोजलेलं पाणी

आमच्या ह्यांना सगळी वस्ती 'कोमट' म्हणते. समोरासमोर 'कोमटभाऊ', आणि पाठ वळली की नुसतं कोमट. लग्न झालं तेव्हा मला वाटलं, माणूस गरमही नाही नि थंडही नाही म्हणून पडलं असेल नाव. तेही काही अगदीच खोटं नाही म्हणा. सव्वीस वर्षांत हा माणूस माझ्याशी एकदाही धड भांडला नाही. दोघांच्या वाटचं मीच भांडून घेते.

पण नाव पडलं ते कामावरून. ह्यांचा धंदा गीझर बसवण्याचा आणि दुरुस्त करण्याचा. निघताना पाणी असं लावून द्यायचे की नळाखाली उभं राहिलेल्या माणसाने डोळे मिटावेत. ना चटका, ना शिरशिरी. त्याची एक रीत होती, ज्या उस्तादांकडे हे काम शिकले त्यांनी घालून दिलेली. नळ सोडायचा, मनगटाची आतली बाजू धारेखाली धरायची आणि दहापर्यंत मोजायचं. पाचलाच हात मागे घ्यावासा वाटला तर पाणी फार गरम. दहा झाले तरी काही जाणवलं नाही तर गार, गीझरचा खटका अजून वर न्यायचा. आठ-नऊला ऊब चढली की झालं. उस्ताद म्हणायचे, थर्मामीटर डॉक्टरने लावावा, कारागिराने नाही. या धंद्यातल्या जुन्या माणसांच्या पिश्या उपड्या करून बघा, पान्हे निघतील, टेप निघेल, शिळा बिस्किटाचा पुडा निघेल, थर्मामीटर काही निघायचा नाही.

मग ते नवीन यंत्र आलं, हीट पंप. बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून घेऊन टाकीतलं पाणी तापवतं, म्हणजे फ्रीज उलटा चालवल्यासारखं. वीज लागते जेमतेम तिसरा हिस्सा. हे आधी खो खो हसले. "हवेवर पाणी तापवणार म्हणे! उद्या हवेवर भात शिजवतील." पण बघता बघता अर्ध्या वस्तीने जुने गीझर भंगारात काढले आणि ह्यांचा फोन वाजायचा थांबला. मी शिलाई मशीनवर बसून इतरांचे कपडे उसवते आणि शिवते, त्यामुळे घर चाललं असतं. पण सकाळी अंघोळ करून, भांग पाडून, कुठेच न जाणारा नवरा घरात बघवत नाही हो. शेवटी मीच मागे लागले आणि पन्नाशी उलटलेल्या माणसाला कंपनीच्या तीन दिवसांच्या शिकवणीला ढकललं.

विशी-बाविशीच्या पोरांच्या मागच्या बाकावर बसून हे शिकून आले, आणि आले ते यंत्राचे भगत होऊनच. टाकीत दोनशे लिटर पाणी साठ अंशांवर असतं, ते तसंच नळाला सोडायचं नाही, वाटेत एक पितळी मिक्सिंग व्हॉल्व्ह बसवायचा, तो गार पाणी मिसळतो आणि नळातून थेट अंगावर घ्यायचं तयार पाणी येतं. बादलीत गार ओता, हलवा, बोट बुडवून बघा, ही भानगडच नाही. मला हे सगळं इतक्यांदा ऐकवलं की मीही एखादा पंप बसवून आले असते. शिकवणीत सगळ्यांना एक छोटा डिजिटल मीटरही दिला होता. व्हॉल्व्ह लावताना पंचेचाळीसच्या वर आकडा जाऊ द्यायचा नाही, असं बजावलं होतं म्हणे. मीटर पिशवीच्या तळाशी प्लास्टिकच्या वेष्टनातच राहिला. हे व्हॉल्व्ह फिरवायचे आणि मनगट धरून मोजायचे, एक, दोन, तीन.

वर्षभरात दहा घरं झाली. काम वाढलं, चेहऱ्यावर रया आली. आमच्या घरी मात्र दिव्याखाली अंधार. जुना गीझर गळायचा, खाली मी डबा ठेवला होता, तो भरला की झाडांना घालायचे. "आधी आपलं घर बघा," असं मी रोज म्हणायचे आणि रोज ह्यांना त्याच वेळी कुणाचा तरी फोन यायचा. शेवटी एका रविवारी सकाळी आमचा पंप लागला. हौसेने मला म्हणाले, "जा, पहिला मान तुझा."

मी नळ सोडला, खाली उभी राहिले आणि किंचाळले. खांदा लालबुंद. टॉवेल गुंडाळून बाहेर आले ती तोंडाचा पट्टा सोडूनच. "मला उकडून खायचा विचार आहे का तुमचा?"

"अगं काहीतरीच," म्हणत हे आत गेले आणि मनगट धारेखाली धरलं. मोजायला लागले. मी दारात उभी. चार झाले, पाच झाले, सहा झाले. पाण्याची वाफ निघत होती आणि ह्यांची कातडी माझ्या डोळ्यांदेखत लाल होत होती. आठ. नऊ. दहा. मान वळवून माझ्याकडे बघून हसले. "कोमट तर आहे. उलट जरा कमीच वाटतंय."

माझा सगळा राग एका क्षणात उतरला. मी धावत जाऊन नळ बंद केला. पिशवी उपडी केली, वेष्टन दातांनी फाडून तो मीटर काढला आणि नळ सोडून धारेखाली धरला. अठ्ठावन्न.

आता मागचं एकेक आठवायला लागलं. पायातली चप्पल वाटेत निसटली तरी ह्यांना कळायचं नाही. एकदा एकच चप्पल घालून घरी आले होते आणि मी पोट धरून हसले होते. चुलीवरचं भांडं फडक्याशिवाय उचलायचे आणि मी पाहुण्यांना कौतुकाने सांगायचे, "कारागिराचा हात आहे, चटका बसत नाही ह्यांना." माझ्या जिभेला हाड नाही ते नाहीच, पण डोळेही गहाण टाकले होते मी. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पायाला आणि हाताला सुई टोचून बघितलं. साखर कित्येक वर्षांची असणार म्हणाले. पायांच्या नसा आधीच गेल्यात, आता हातांच्या चालल्यात. गोळ्यांनी पुढचं थांबेल, गेलेलं परत यायचं नाही.

दवाखान्यातून आल्यावर हे खाटेवर बसले. हात मांडीवर पालथे. मला वाटलं आता रडतील. पण म्हणाले, "दहा घरं आहेत गं. त्या सगळ्यांत मी हाताने लावलंय."

"फोन करा. आत्ताच्या आत्ता."

"काय सांगू?"

आणि इथे मी माझी अक्कल पाजळली. खरं सांगायचं म्हणजे ह्यांचं नाव कायमचं जायचं. ज्याच्या हाताला गरम-थंड कळत नाही, त्याला कोण घरात घेईल? हात दाखवून अवलक्षण कशाला? मी म्हणाले, "सांगा, कंपनीचं वार्षिक चेकिंग आहे. तोवर गार पाणी मिसळून घ्या. आपण जाऊ, मीटरने व्हॉल्व्ह नीट लावू आणि परत येऊ. कुणाला काही कळायचं नाही." फोन मीच केले, गोड आवाजात. तो आवाज माझ्याकडे आहे हे मलाही त्या दिवशीच कळलं. नऊ घरी फोन लागले. दहाव्या घरी, निवृत्त मुख्याध्यापिका बाईंकडे, नुसतीच घंटी वाजत राहिली. त्या एकट्या राहतात. मुलीकडे गेल्या असतील असं मी धरून चालले.

दोन दिवस आम्ही घरं फिरलो. मी मीटर धरायचे, हे व्हॉल्व्ह फिरवायचे. पंप ज्या क्रमाने बसवले त्याच क्रमाने जायचं ठरवलं होतं. पहिल्या घरात सेहेचाळीस. दुसऱ्यात सत्तेचाळीस. चौथ्यात पन्नास. सातव्यात त्रेपन्न. नवव्यात छप्पन्न. मला दिसत होतं, जिना चढताना ह्यांचे पाय जड होत होते. वर्षभरात हात कसा कसा मरत गेला तो घराघरांत लिहून ठेवलेला होता आणि आम्ही तो वाचत चाललो होतो.

नशीब म्हणायचं, कुणाला मोठं काही झालं नव्हतं. सातव्या घरातल्या तान्ह्या बाळाच्या आईने सांगितलं, "मी आधी कोपर बुडवून बघते, मग गार घालते. नवीन यंत्राचं असंच असतं ना?" मी म्हणाले, "हो हो, असंच असतं." बाळ माझ्याकडे बघून बोळकं पसरून हसलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं मला वाटलं त्यालाही सगळं कळलंय. खाली उतरल्यावर मी ह्यांना म्हणाले, "निभावलं बघा." हे म्हणाले, "तू फार छान खोटं बोलतेस." ते कौतुक नव्हतं.

बाईंचं घर राहिलं होतं. फोन लागत नव्हता, तरी जाऊन बघू म्हणून गेलो. बेल वाजवली आणि बऱ्याच वेळाने दार उघडलं. बाई ताठ मानेच्या, खणखणीत आवाजाच्या. आज दाराला धरून उभ्या होत्या. गळ्यापासून खांद्यापर्यंत पट्टी. एक हात बाहीत घातलेलाच नव्हता.

"या कोमटभाऊ," म्हणाल्या. "बरं झालं आलात. परवा इथून जायचंय मला, तुमचा निरोप घ्यायचा राहिला असता."

आतल्या खोलीत दोन मोठ्या बॅगा उघड्या होत्या. पुस्तकं सुतळीने बांधून भिंतीशी रचलेली. मी विचारलं, "काय झालं बाई?"

"काय व्हायचंय? वय झालं. पाणी तुम्ही लावलेलं, त्यात चूक असणार नाही. माझंच कातडं पातळ झालंय. सुरुवातीपासून चटका बसायचा, मी म्हणायचे, सवय होईल. गेल्या आठवड्यात नळ सोडला आणि पाय घसरून खालीच बसले. पटकन उठता येईना. पाणी पाठीवर पडत राहिलं." हे त्या असं सांगत होत्या, जणू एखाद्या मुलीचा अभ्यास राहिला म्हणून तिच्या वतीने माफी मागतायत. "दवाखान्यात होते सहा दिवस. मुलगी आली होती. म्हणाली, आई, तुला साधी अंघोळ एकटीने जमत नाही, आता इथे राहायचं नाही. घर बंद करायचं. मी म्हटलं, बरोबर आहे तुझं."

खरं सांगते, त्या क्षणीही माझ्या डोक्यात पहिला विचार हाच आला की त्यांना संशय नाही, व्हॉल्व्ह लावू आणि निघू. पुढे होऊन मी म्हणालेसुद्धा, "बाई, आम्ही कंपनीच्या चेकिंगला..."

"बस," हे म्हणाले. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला गप्प केलं. मग जमिनीवरच बसले, बाईंच्या खुर्चीपुढे. "बाई, तुमच्या कातड्याला काही झालेलं नाही. माझा हात मेलाय. मला गरम कळत नाही. मी पाणी चुकीचं लावलं. मीटर पिशवीत होता, काढला नाही. चार दिवसांपूर्वी मला कळलं, आणि तरी आम्ही दारोदार चेकिंगचं खोटं सांगत फिरलो."

"खोटं माझं," मी म्हणाले. रडू आवरेना. "ह्यांचं नाही, ते माझं."

बाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मग त्यांनी टेबलावरचा फोन उचलून मुलीचा नंबर लावला आणि ह्यांच्यापुढे धरला. "हे तिला सांगा. मला सांगितलंत तसंच."

ह्यांनी सांगितलं. पहिल्यापासून, एक शब्द न गाळता. पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता. तक्रार करते, पोलिसात देते, पेपरात छापून आणते, आईला जाळलंत तुम्ही. हे दर वाक्याला "हो" म्हणत होते. "हो ताई. द्या. मी नाकारणार नाही. हो, बाकीच्या घरी आजच जाऊन सांगतो. हो, यापुढे काम नाही करणार." घाम कानावरून मानेत उतरत होता. या वस्तीत तीस वर्षं कमावलेलं नाव त्या फोनवर गेलं, आणि ते स्वतःच्या तोंडाने घालवत होते. मला त्यांचा इतका अभिमान वाटला आणि इतकी भीती वाटली की दोन्ही एकाच वेळी कशी वाटतात हे मला सांगता यायचं नाही.

बाईंनी फोन परत घेतला. पलीकडे मुलगी अजून बोलतच होती. बाईंनी तिला थांबवलं, वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात.

"ऐकलंस ना तू? माझं चुकलं नव्हतं."

बाईंनी फोन कानाशी घट्ट धरला. त्यांनी पुन्हा सांगितलं, "माझं चुकलं नव्हतं. मी कुठे येत नाही."

ह्यांनी मीटर लावून व्हॉल्व्ह पंचेचाळीसवर आणला. सत्तावन्न होता. निघताना बाईंनी आम्हाला 'या' म्हटलं नाही, पाणीही विचारलं नाही, आणि ते बरोबरच होतं. बाहेर पडल्यावर हे घराकडे न वळता बाळाच्या घराकडे वळले. मी मागून गेले. दार त्या आईनेच उघडलं, बाळ कडेवर. ह्यांनी तोंड उघडण्याआधी मी म्हणाले, "काल मी तुमच्याशी खोटं बोलले."