बाळाविना बाळंतीण

मोगऱ्याचा वास आला की माझी छाती आजही दुखते. इतरांना त्या वासातून वेणी आठवत असेल, गच्ची आठवत असेल, उन्हाळ्यातली एखादी संध्याकाळ. मला आठवतो जुन्या धोतराचा एक लांब पट्टा आणि त्यात गुंडाळलेल्या ठेचलेल्या कळ्या. बाळ गेलं आहे हे शरीराला उशिरा कळतं. दूध आपल्या वेळेवर येतं. ते आटावं म्हणून सासूबाईंनी माझ्या छातीवर मोगरा बांधला होता. गाठ बसली ती नेमकी हवी तिथेच. ही विद्या त्यांना कुणी आणि कोणत्या प्रसंगी शिकवली, हे विचारण्याचं भान तेव्हा मला नव्हतं.

नव्वदच्या दशकाच्या अखेरचा तो उन्हाळा. माझं माहेर कुरुंदवाडचं. आई लवकर गेल्यामुळे पहिलं बाळंतपण सासरीच, कोल्हापुरात करायचं ठरलं होतं. तयारीत काही उणं नव्हतं. बाज काढून ठेवली होती, तिच्याखाली ठेवायची शेगडी, ओवा, बाळंतशोपा, डिंक, खोबरं, घाण्यावरून आणलेलं तिळाचं तेल. मालिशवाल्या मावशींना नारळ देऊन आधीच सांगून ठेवलं होतं.

मुलगी झाली. ऑपरेशन करावं लागलं, आणि मी भुलीतून जागी झाले तेव्हा शेजारचा पाळणा रिकामा होता. ती दुपारपर्यंतसुद्धा जगली नव्हती. ‘आईला लेकरू दावू नका, माया लागंल’ असं घरातल्या थोरामोठ्यांनी ठरवलं आणि माझ्या पतींनी तिला मऊ लुगड्याच्या धडप्यात गुंडाळून पंचगंगेच्या काठी नेलं. आमच्या घरात तिचा चेहरा पाहिलेलं, तिचं वजन हातांवर तोललेलं माणूस ते एकटेच. परत आल्यावर त्यांनी अंघोळ केली, आणि त्या पाण्याबरोबर जणू तो विषयही वाहून गेला. तो काढायचा नाही, हे कुणी कुणाला सांगावं लागलं नाही.

मी घरी आले त्याच्या दुसऱ्या दिवशी मालिशवाल्या मावशी ठरल्याप्रमाणे दाराशी उभ्या राहिल्या. सासूबाईंनी त्यांची साडी-चोळी उंबऱ्यावरच त्यांच्या हातात ठेवली.

“लेकरूच न्हाय, तर बाळंतीण कसली, बाई?”

आतल्या खोलीत मी ते ऐकलं. त्या संध्याकाळी शेगडी माळ्यावर गेली, बाज भिंतीशी उभी केली गेली आणि तेलाची बरणी फडताळात मागे सरकली. कुणी दुष्टपणाने केलं नाही. बाळ नसलेल्या बाळंतिणीचं काय करायचं, याची रीतच आमच्या घराला ठाऊक नव्हती.

मग पाठ दुखू लागली. अन्नाला चव राहिली नाही. झोप यायची ती पहाटे, कोंबडा आरवल्यावर, आणि छातीत अर्धवट घेतलेला श्वास तिथेच अडून बसायचा. आम्ही दोघं एका खोलीत राहत होतो ते मध्ये पूर आलेल्या दोन गावांसारखे. पलीकडे दिवा दिसायचा, जाता यायचं नाही. ते उद्यमनगरातल्या कारखान्यातल्या आपल्या लेथ यंत्रावरून घरी यायचे, हातपाय धुऊन जेवायचे आणि भिंतीकडे तोंड करून निजायचे. त्यांच्या बोटांना लोखंडाच्या किसाचा वास असे. ती बोटं मला लागू नयेत अशा बेताने ते कूस बदलत.

जखम भरली तसं डॉक्टरीणबाईंनी आम्हाला दोघांनाही समोर बसवलं. त्या रागावल्याच.

“हिचं बाळंतपण झालंय. बाळ गेलं म्हणून हिच्या शरीराचे हाल का? तेल लावा, शेक द्या, नीट खाऊ घाला, दीर्घ श्वास घ्यायला शिकवा. आणि तुम्ही करा हे. परकं माणूस नको.”

“मी?” पतींनी विचारलं.

“तालमीत होतात ना? मालिश येते की नाही?”

“येतीया की,” ते म्हणाले, आणि कित्येक आठवड्यांनी त्यांचा आवाज मी मोठा ऐकला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच माझ्या उशाशी बदामाची थंडाई आली. फडताळातली बरणी पुढे आली, माळ्यावरची शेगडी खाली. माझे पती तरुणपणी वस्तादांच्या हाताखाली तयार झालेले; शरीराची काळजी घेण्याची एकच पद्धत त्यांना ठाऊक होती, आणि ती त्यांनी माझ्यावर सुरू केली. पालथं निजवून त्यांनी माझ्या पाठीवर तळवे असे आपटले की तेल भिंतीवर उडालं. दोन्ही अंगठे कण्याच्या बाजूंनी नांगरासारखे फिरले.

“अहो, मला मैदानात उतरायचं नाहीये!”

“गप. दम सोड. पोटातनं सोड.”

सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. “बायकूला कुस्तीला उतरिवतोस व्हय रं? हाडं मोडशील तिची.”

“डाक्तरीणबाईंनी सांगितलंय, आई.”

“तिनं मालिश सांगितली. धोबीघाट न्हाय सांगितला.”

मला हसू आलं. टाक्यांची जागा ओढली गेली, डोळ्यांत पाणी आलं, आणि तरी मी हसत होते. त्यांचे हात क्षणभर थांबले. मग पुन्हा फिरू लागले तेव्हा निम्म्या जोराने.

हळूहळू ते शिकले. कुठे दाबायचं, कुठे नुसता तळवा ठेवून ऊब द्यायची, हे त्यांच्या हातांना उमगत गेलं. पायांच्या तळव्यांना तेल लागलं की मला सकाळीसुद्धा डुलकी येऊ लागली. माझा श्वास लांबला. सकाळी सकाळी त्या खोलीत तिळाचा, ओव्याच्या धुराचा आणि आमच्या दोघांच्या घामाचा मिळून एक नवा वास तयार होई. माझं शरीर त्या हातांवर विसावू लागलं, आणि तिथेच ताण वाढत गेला. कारण हे हात तिला घेऊन गेले होते. माझ्या खांद्यावरून ते फिरत, तेव्हा मी त्यांना मनातल्या मनात विचारत असे: ती केवढी होती? गरम होती का? तिचे डोळे मिटलेले होते का?

पण वस्तादांचा एक नेम होता: अंगाला तेल लागलं असताना बोलायचं नाही, बोललं की दम तुटतो. माझ्या पतींनी तो नेम उचलून आमच्या खोलीत आणला आणि त्याच्याआड ते सुरक्षित झाले. ज्या अर्ध्या तासात आम्ही एकमेकांच्या सर्वांत जवळ असू, नेमक्या त्याच वेळी बोलण्याला बंदी.

श्रावणात एका सकाळी मी तो नेम मोडला.

“तिच्याबद्दल काहीतरी सांगा ना.”

हात माझ्या पाठीवर जागच्या जागी थिजले. मग उचलले गेले. त्यांनी पंच्याला हात पुसले, एकेक बोट पुसलं, आणि ते जिना उतरून गेले. त्यानंतर कितीतरी दिवस तेलाची वाटी खिडकीत तशीच राहिली. तिच्यात एक मुंगळा पडला होता.

मी कुरुंदवाडला दादाला निरोप धाडला. गणपती झाले की मला घेऊन जा. माहेरपणासाठी नव्हे, तिथल्या शाळेत शिकवण्याची एक जागा होती आणि मी तिथेच राहणार होते. सासूबाईंना मी ते सांगितलं तेव्हा त्या तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. “त्येला सांगितलंस?” एवढंच विचारलं.

सांगितलं. रागाने नव्हे, सरळ सांगितलं: “मला तुमचे हात पुरत नाहीत. तुम्ही बोलला नाहीत, तर मी इथे राहू शकणार नाही.” ते ऐकून ते कारखान्यात गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र वाटीत नवं तेल होतं. मालिश पुन्हा सुरू झाली, पहिल्यापेक्षा हळुवार, आणि पूर्वीसारखीच मुकी. आमच्या घरी गौरी आल्या, जेवल्या, गेल्या. लेकी माहेरी येतात आणि परततात, या सणाची सगळी गाणी मी त्या वर्षी ओठ मिटून ऐकली.

दादा येणार होता त्या सकाळी ट्रंक दाराशी होती. मी खिडकीखाली बसून केस सोडले होते, विंचरून निघायचं म्हणून. ते वाटी घेऊन आले आणि माझ्या मागे बसले. केसांना त्यांनी आजवर कधी हात लावला नव्हता. तालमीत सगळ्यांची डोकी तासलेली, केसांना तेल लावण्याची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती. त्यांनी वाटी जवळजवळ माझ्या टाळूवर उपडी केली. तेलाचा एक ओघळ मानेवरून पाठीत उतरला. मग बोटं आत शिरली. लेथने खरखरीत झालेल्या त्या बोटांत माझे केस अडकत होते, ओढले जात होते, आणि ते एकेक बट सोडवत होते. गाठी सोडवाव्यात तसं, घाई न करता.

खाली गल्लीत दादाची मोटारसायकल थांबली.

“पावणं आलं,” सासूबाईंनी खालून हाक दिली. मग, जरा थांबून, “चहा टाकती. बसू द्या त्येंला. घाई न्हाय.”

माझ्या डोक्यावरची बोटं फिरत राहिली. टाळूवरून मागे, कानांच्या वरून, मानेच्या खळग्यापर्यंत. एखाद्या फार लहान डोक्याला सांभाळावं तशी ती माझ्या डोक्याखाली आली, आणि मला एकाएकी कळलं की हे हात या क्षणी कुणाला आठवत आहेत.

“तिला केस होते?” मी विचारलं.

बोटं थांबली. मागे श्वासाचा आवाजही थांबला. मी वळले नाही. वळले असते तर ते उठून गेले असते. खाली कपबशा वाजल्या, दादा काहीतरी बोलला, सासूबाईंनी त्याला हळू बोल म्हणून सांगितलं. माझ्या मानेवरचा तेलाचा ओघळ गार होत गेला, आणि तरी त्यांचा श्वास सुटेना. मग त्यांनीच मला शिकवलेलं मी त्यांना परत दिलं.

“दम सोडा,” मी म्हटलं. “पोटातनं सोडा.”

आधी नुसती हवा आली, लांब, तुटत तुटत, माझ्या तेलकट केसांवर. मग तिच्या शेवटी, मला जेमतेम ऐकू येईल इतक्या हळू आवाजात, ते म्हणाले,

“लई.”