गाय नव्हती, साहेब

नागपूरबाहेरच्या एका लहानशा विमानतळावर मी कारकून होतो. तिथं गवत कापायला एक बाई रोज यायची. बोलताना आधी विळा खाली ठेवायची, मग विचारायची, "काय गा बाबू, जेवला का?" तिचं नाव मी कधी विचारलं नाही.

एका सकाळी ती डोक्यावर भारा घेऊन धावपट्टी ओलांडत होती, तेव्हाच एक ग्लायडर उतरत होतं. ग्लायडरला इंजिन नसतं, त्यामुळे ते उतरत असल्याचं तिला ऐकूच आलं नाही. तिला चुकवायला वैमानिकानं ग्लायडर वळवलं, पंख जमिनीला लागला आणि ते उलटलं. तरणा पोरगा जागीच गेला.

धावपट्टीला कुंपण नव्हतं, ही चूक आमची. ती झाकायला वरिष्ठांनी सांगितलं, गाय आडवी आली असं लिही. मी लिहिलं.

चौकशीचे साहेब आले तेव्हा बाई न बोलावता आली. "गाय नव्हती, साहेब. मी होती. मले वाचवाले गेला तो. त्याच्या मायले खरं समजू द्या."

माझ्या हातानं लिहिलेली गाय मी साहेबांसमोरच खोडली.

पुढे कुंपण झालं, आणि बाईला आत यायची मनाई झाली. ते मलाच सांगावं लागलं.

"बरं झालं गा," ती म्हणाली. "आधीच कराले पाहिजे होतं."