मामांनी न घेतलेलं नाव

आमच्या हिच्या मामांनी ज्याचं नाव घेतलं नाही, असा माणूस जुन्नर-आंबेगावात जन्मलाच नव्हता. निमगाव साव्याच्या यात्रेत बैलगाडा शर्यतीचा घाट, म्हणजे गाडे पळायची चढाची धाव, त्यांच्या आवाजावर चाले. गाडामालक, त्याचे पाहुणे, पाहुण्यांचे बैल, सगळ्यांना ते माईकवर एका दमात पुकारत. एकदा बाभळीवर चढून शर्यत बघणाऱ्या मलाही त्यांनी गावासमोर गौरवलं, "घोडेगावचं जावई, उतरा राव, फांदी मोडंल!" फांदीनं लगेच मामांचा शब्द राखला.

असा माणूस मेंदूच्या झटक्यातून उठला तो चालता-फिरता, पण शब्द ऐन वेळी दडी मारू लागले. तहान लागली की तांब्याकडे बोट दाखवून "ते... आपलं ते..." म्हणत आणि स्वतःवरच चिडत. पुण्याच्या उपचारवाल्या बाईंनी चित्रांचे पत्ते दिले, घरच्यांचे फोटो मिसळायला सांगितले आणि बजावलं : शब्द तुम्ही सांगायचा नाही. थांबायचं, खूण द्यायची, फार तर पहिलं अक्षर. तरी नाही आला तर वहीत फुली. हे काम माझ्याकडे आलं, कारण मी मामांच्याच गावच्या शाळेत मास्तर. मास्तराला थांबता येत नाही, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. मामांचं तोंड उघडायच्या आत मी "कंदील!" म्हणून मोकळा. आठवडाभरात माझीच भाषा सुधारली.

एका संध्याकाळी बैलाचा फोटो निघाला. "सर्जा!" मामा ताडकन म्हणाले. पुढचा फोटो मामींचा. "रोज भाकरी कोण करतं?" मी खूण दिली. त्यांनी चुलीकडे बोट केलं. "सो..." मी पहिलं अक्षर दिलं. मामा लालबुंद. मी शहाण्यासारखी फुली मारली.

दारात पिठाच्या हातांनी मामी उभ्या. "बैल ध्यानात हाय, आन् मी न्हाई!" म्हणून आत गेल्या.

मामांनी वहीवर थाप मारली. "घेत... घेत न्हाई! कधीच!"

तेव्हा माझी ट्यूब पेटली. अख्ख्या तालुक्याची नावं घेणाऱ्या या माणसानं बायकोला चाळीस वर्षं नुसतं "अगं" म्हटलं होतं.

आतून आवाज आला, "घेत न्हाई का येत न्हाई?"

मामांचा चेहरा उतरला. खरं काय, ते त्यांनाही ठाऊक नसावं. नाव त्यांनी एकदाच घेतलं होतं, लग्नातल्या उखाण्यात, आणि तो सगळ्या घराला पाठ होता. मी हळूच सुरू केला, "कुकडीच्या काठाला हरभऱ्याचा घाटा..." आणि जन्मात पहिल्यांदा तोंड मिटून बसलो. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला. कुणी हललं नाही.

"सोना..." मामांना घाम फुटला. "सोनाबाईला दिला... सुखदुःखाचा वाटा."

"पुरं आता, लोकं ऐकतील," मामी आतून म्हणाल्या. पण आवाज ओला होता. मी फुली खोडली.

मामा पुन्हा घाटात माईकवर गेले नाहीत. बरेच शब्द परतलेही नाहीत. पण रोज चहाच्या वेळी ओसरीवरून हाक यायची, "सोनाबाई!" आणि चहा तयार असूनही मामी ओ द्यायच्या नाहीत. दुसऱ्या हाकेची वाट बघत चुलीपाशी बसून राहायच्या.